पोटातील मुद्देमाल

वैनगंगेवरील व्याहाडच्या पुलाच्या नेमक्या कितव्या खांबापाशी नागरिकाचे व्यक्तिस्वातंत्र्य संपते आणि शासनाचे पितृवात्सल्य सुरू होते, याचा फलक अद्याप कोणीही लावलेला नाही, ही आपल्या राज्यकारभारातील मोठीच उणीव समजली पाहिजे. 'वाहने सावकाश हाका' असा उपदेश जेथे तेथे करणाऱ्या शासनाला 'येथून पुढे आपले यकृत सरकारच्या ताब्यात आहे' एवढी एक ओळ रंगवून घेणे काही अवघड नव्हते. पुलाच्या पश्चिमेस चंद्रपूर, पूर्वेस गडचिरोली. पश्चिमेस मद्य ही महसुलाची बाब, पूर्वेस फौजदारीची. दोन्ही तीरांवर धान तेच, बोली तीच, सोयरीकही एकमेकांतच, आणि २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत जिल्हाही एकच. त्या दिवशी वाटणी झाली तेव्हा तालुके, जंगले आणि कचेऱ्यांतील लाकडी कपाटे यांची यादी कोणीतरी केलीच असेल, परंतु पुढे अकरा वर्षांनी स्वातंत्र्याचीही वाटणी करावी लागणार आहे, हे त्या वेळच्या कारकुनाच्या ध्यानात आले नसावे.

इतिहास वाचकांना पाठ आहे, तेव्हा तो एका दमात उरकतो. मादक पेयांना, औषधी कारण वगळता, प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगणारा संविधानाचा ४७ वा अनुच्छेद १९९३ साली गडचिरोलीत कायमच्या वस्तीस आला. त्याने आपल्याही तीरावर यावे म्हणून २०१० च्या डिसेंबरात हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी तो पूल ओलांडून चंद्रपुरात दाखल झाला. सहा वर्षे राहिला. कोळशाची धूळ म्हणा, वैशाखातले ऊन म्हणा, त्याला हवा काही मानवली नाही. आणि २७ मे २०२१ रोजी सरकारने त्यास निरोप दिला, तेव्हा तो आल्या पुलाने परत गेला. निरोपाची कारणे अशी देण्यात आली की, बंदी असूनही चोरटी दारू मिळतच होती, आणि शिवाय महसूल बुडत होता. चोरी थांबत नाही म्हणून चोरीवरील बंदी उठवावी, ही थोर न्यायदृष्टी अद्याप घरफोडीच्या कलमास लागू झालेली नाही, याचे कारण घरफोडीवर उत्पादनशुल्क बसवता येत नाही, एवढेच असावे.

आता मौज अशी की, पश्चिम तीरावरील पिणारा स्वतंत्र झाला असे जे समजतात त्यांनी कायदा वाचलेला नाही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा साऱ्या राज्यास लागू आहे आणि त्यान्वये परवान्यावाचून पिणारा कोणीही इसम, मग तो मलबार हिलवर राहणारा असो की मूल-सावलीच्या रस्त्यावर, कसूरदारच ठरतो. परवाना एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, हजार रुपये टाकल्यास आजन्म मिळतो, आणि तो ज्या कारणासाठी मिळतो ते कारण आहे प्रकृतीचे रक्षण. म्हणजे पश्चिम तीरावर आरोग्य राखण्यासाठी शासन मद्य पिऊ देते, आणि पूर्व तीरावर आरोग्य राखण्यासाठीच ते पिऊ देत नाही. एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन माणसांच्या प्रकृतीत केवळ काठ बदलल्याने एवढा फरक पडतो, हा शोध धन्वंतरीलाही लागला नव्हता; तो एका शासकीय अधिसूचनेस लागला.

मात्र मला छळणारा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. एखाद्या गृहस्थाने, समजा, खिशात पाच रुपयांचा परवाना ठेवून चंद्रपूरच्या काठावर यथाविधी प्रकृतिरक्षण केले, बाटली तेथेच टाकली, आणि हात हालवीत तो पूल चालू लागला. हातात काही नाही, पिशवीत काही नाही. जे काही आहे ते पोटात. आता गडचिरोलीच्या हद्दीत पाऊल टाकताना त्याने केले काय? हे मद्य बाळगणे झाले, की वाहतूक झाली, की आयात? बाळगणे म्हणावे तर मुद्देमाल जप्त करून, मोहोर लावून, पंचांसमक्ष ताब्यात घ्यावा लागतो, आणि प्रस्तुत मुद्देमाल काढून घेण्याची जी एकमेव नैसर्गिक पद्धत आहे तिच्या पंचनाम्यावर सही करण्यास पंच मिळणे कठीण. वाहतूक म्हणावी तर वाहन कोणते? कायद्याने वाहनही जप्त होते. येथे वाहन म्हणजे तो गृहस्थ स्वतः, आणि त्यास जप्त करून ठाण्याच्या आवारात मोडक्या मोटारींच्या रांगेत पाच-सात वर्षे गंजत ठेवणे दिसायला बरे नाही. आयात म्हणावी तर ती पुलाच्या मध्यावर झाली, आणि सरहद्द तर नदीच्या पात्रातून जाते. परंतु पात्रातील वाळू रात्री-बेरात्री इतक्या निष्ठेने उपसली गेली आहे की, त्या वाळूबरोबर सरहद्दही ट्रकात भरून नागपूरकडील एखाद्या बंगल्याच्या पायाखाली गेली नसेलच, अशी हमी कोण देणार? तसे झाले असल्यास गडचिरोलीची दारूबंदी सध्या त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात लागू आहे आणि तेथील यजमानास याची वार्ता नाही. कायद्याने यावर रक्तपरीक्षेचा तोडगा काढून ठेवला आहे: रक्तात ०.०५ टक्के वा अधिक मद्यार्क सापडला की तो औषधातून किंवा तशाच निर्दोष वाटेने आला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीच्या शिरावर. पण रक्त चालते, थांबत नाही. ते पश्चिमेचे किती आणि पूर्वेचे किती, हे कोणत्या तलाठ्याने मोजावे? आणि तो गृहस्थ पुलाच्या मधोमध उभा राहून, एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून, खोकल्याच्या औषधाचा एक घोट घेईल तर? १९५१ साली हा कायदा न्यायासनापुढे गेला तेव्हा औषधांत आणि सुगंधी प्रसाधनांत असलेल्या मद्यार्कापुरते नागरिकाचे स्वातंत्र्य शाबूत ठेवण्यात आले. म्हणजे अंगाला अत्तर फासून पूल ओलांडण्यास घटनेची आडकाठी नाही, एवढे तरी निश्चित आहे.

या प्रश्नावर आमच्याकडे तीन पंथ आहेत आणि तिघांचीही घसा कोरडा होईपर्यंत वाद घालण्याची तयारी असते. व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणतात, घोट गिळला त्या क्षणी सेवन संपले. त्यानंतर पोटात जे चालते ते नागरिकाचे खासगी जीवन. शासननिष्ठ म्हणतात, छे, सेवन ही अखंड प्रक्रिया आहे, ती यकृताचे काम संपेपर्यंत चालते, आणि तोवर शासनाला यकृताच्या दाराशी पहारा ठेवण्याचा अधिकार आहे. तिसरे धर्मनिष्ठ, यांचे पुन्हा दोन पोटभेद. एकास मद्य धर्मबाह्य वाटते म्हणून साऱ्या जिल्ह्यास बंदी हवी. दुसऱ्यास आदिवासींच्या धर्माचा अचानक कळवळा येतो, आणि पेनठाण्यावर मोहाच्या दारूचे थेंब वाहण्याची प्रथा आहे, म्हणून नाक्यावर परदेशी मद्याची दुकाने उघडलीच पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद असतो. देवाला वाहायची ती मोहाची, आणि परवाना मागायचा तो व्हिस्कीचा! हा दुसरा पोटभेद बहुधा दुकानाच्या मालकाचा मेहुणा असतो.

या वादात वक्ते पुरुष असतात, श्रोते पुरुष असतात, मध्यस्थही पुरुषच. ज्या बाईची मजुरी, कोंबड्या आणि पाठ यांवर हे स्वातंत्र्य रोज संध्याकाळी साजरे होते, ती समोर चहाचे कप विसळत असते. तिला कोणी चुकून विचारलेच तर ती झाडीबोलीत साऱ्या मीमांसेचा निकाल एका वाक्यात लावते: "पेते थो, अन् मार खातो मी." यावर व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हणतात, हा कौटुंबिक प्रश्न आहे; शासननिष्ठ म्हणतात, तक्रार लेखी द्या; आणि धर्मनिष्ठ म्हणतात, संस्कार कमी पडले. कोणाचे संस्कार, हे ते सांगत नाहीत. तिघेही चहाचे पैसे एकमेकांवर ढकलून निघून जातात.

मोहाचे म्हणाल तर त्या फुलाने काय काय भोगले ते सांगण्यास स्वतंत्र सदर लागेल. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून, झाडाखालचा पाला झाडून, बायकापोरांनी वेचायचे हे फूल. भुकेच्या दिवसांत ते धान्य होते, बाजारच्या दिवशी ते पैसा होते. ते साठवले, वाहिले, विकले तर कायदा आडवा येई. २०२१ साली ते निर्बंध सैल झाले. फूल सुटले, रस कैदेत राहिला. जन्माला, मरणाला आणि देवकार्याला या रसाचे चार थेंब जमिनीवर सांडणारा म्हातारा गोंड हा मुद्देमालासह मिळून आलेला आरोपी ठरू शकतो. आणि त्याच जमिनीवर शासन, जप्त केलेल्या हजारो बाटल्या ओळीने मांडून, त्यांवरून रोलर फिरवून, छायाचित्रकारांच्या साक्षीने जो महाभिषेक करते त्यास 'मुद्देमाल नष्ट करण्याची कार्यवाही' म्हणतात. भूमातेस एवढा नैवेद्य कोणत्याही गावाच्या कोणत्याही देवकार्यात कधी मिळाला नाही. म्हाताऱ्याचे चार थेंब ही अंधश्रद्धा, आणि रोलरखालचा लोट ही अंमलबजावणी! कलियुगात एवढा एकच यज्ञ नियमितपणे होतो, आणि त्याचे यजमानपद सरकारकडे आहे, तेव्हा धर्म आणि शासन यांची फारकत झाली आहे असे कोणी म्हणू नये.

पुलाचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो, आणि येथे विनोद करण्याची मला इच्छा नाही. भामरागडच्या वेशीवर पर्लकोटा नदी आहे. वर्षानुवर्षे पावसाळा आला की तिच्यावरचा पूल पाण्याखाली जातो, एकदा नव्हे, एका हंगामात पुनःपुन्हा, आणि पलीकडची गावे जगापासून तुटतात. अशा दिवसांत अडलेल्या बाईला खाटेवर घालून, चिखलातून, नाल्यातून, चार माणसांनी खांद्यावर न्यायचे असते. त्या खाटेच्या आड शासन येत नाही, तिला वाटेत कोणी थांबवीत नाही, तिच्या रक्ताची परीक्षा करायला कोणी धावत नाही. त्या रक्तात काय कमी आहे ते शोधण्याची निकड मात्र कोणाला वाटत नाही. ज्या अनुच्छेदाच्या नावाने वैनगंगेच्या पुलावर माणसाचे तोंड हुंगले जाते त्याच ४७ व्या अनुच्छेदात, दारूच्या आधी, अगदी आरंभीच, पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ते कर्तव्य अमलात आणण्यास रोलर चालत नाही. डॉक्टर लागतो, औषध लागते, आणि पावसाळ्यात न बुडणारा पूल लागतो. व्यक्तिस्वातंत्र्याचे आमचे कैवारीही या पुलाविषयी अवाक्षर काढीत नाहीत. दवाखान्यात जिवंत पोहोचण्याचे स्वातंत्र्य त्यांच्या जाहीरनाम्यात नसावे.

एवढ्या साऱ्या पांडित्यात एक साधी गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटली आहे. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी १९९६ साली जो कायदा झाला, ज्यास आमच्याकडे शाळकरी पोरेही पेसा म्हणून ओळखतात, त्यात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांच्या विक्रीस व सेवनास वेसण घालण्याचा अधिकार ग्रामसभेस व पंचायतीस असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे कोणत्या देवाला किती थेंब वाहायचे, कोणाच्या घरी लग्नात काय चालेल आणि नाक्यावरचे दुकान राहील की जाईल, हे ठरवण्याची जागा राजधानीत नाही, जिल्ह्याच्या कचेरीतही नाही. ती गावातल्या वडाखाली आहे. 'मावा नाटे, मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज, ही गोंडी घोषणा गडचिरोलीत उगाच झालेली नाही. पण ग्रामसभा बोलावली तर बायकाही येतात, आणि बायका आल्या की उत्तर काय येईल याची कल्पना तिन्ही पंथांना असते. राज्यातील अन्य गावांत दुकान बंद करायचे तर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे छापून मतदान घेतात; त्यात आडवी बाटली जिंकण्यासाठी यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची मते लागतात. घरी बसलेला, परगावी गेलेला आणि त्या दिवशी पिऊन पडलेला, असे सारे मतदार त्यामुळे उभ्या बाटलीच्या बाजूने मोजले जातात. आमदार होण्यास मात्र एवढ्या मतांची गरज नसते. बाटली पाडण्याहून सरकार बनवणे सोपे, अशी ही लोकशाहीची व्यवस्था आहे.

तेव्हा तिन्ही पंथांच्या विद्वानांस माझी विनंती आहे की, त्यांनी पुलावरील खांब मोजणे काही काळ थांबवावे आणि एकदा धानोरा, कुरखेडा किंवा जिवती तालुक्यातील एखाद्या गावच्या ग्रामसभेस जाऊन बसावे. दारूचा विषय निघेल तेव्हा बायका काय म्हणतात आणि म्हातारे काय म्हणतात, दोन्ही ऐकावे. मध्ये बोलू नये. ग्रामसभेत मत फक्त गावच्या मतदारांना असते.