पावसाच्या माहेरी

आमच्या मुळशीत अंदमानचं नाव वर्षातून एकदाच निघतं, मे महिन्यात. वीस तारखेच्या आसपास बातम्यांत सांगतात, नैऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल झाले. लगेच आजी विचारते, राब भाजून झाला का. वडील कौलं चाळायला छपरावर चढतात आणि मी टपरीच्या ताडपत्रीची भोकं मोजायला लागतो. अंदमान म्हणजे पावसाचं माहेर, अशीच आमच्या घरात समजूत. तिथे माणसंही जाऊ शकतात, हे यंदाच्या दिवाळीत कळलं.

कळवलं मेव्हण्याने. भाऊबीजेचं जेवण पोटात गेल्यावर तो म्हणाला, "दाजी, जन्मभर दुसऱ्यांना फिरताना बघितलंत. आता आपण फिरू." हे लागलं. ताम्हिणीच्या रस्त्यावर माझी चहा-भज्यांची टपरी आहे. पंधरा पावसाळे मी पुण्याची माणसं बघतोय. भर जुलैत चारी डोंगरांवरून पाणी कोसळत असतं आणि गाडीची काच दोन बोटं खाली करून ती विचारतात, "धबधबा कुठे आहे?" मी सांगतो, "काच अजून खाली करा."

मेव्हण्याने माझ्याच गल्ल्यातून विसाची जुनी लाल नोट काढली आणि उलटी केली. नारळाची झाडं, पलीकडे समुद्र. "हेच अंदमान." इतकी वर्षं मी हा समुद्र सुट्टे म्हणून परत देत होतो! सौभाग्यवतींनी त्याच गल्ल्यातून विसाची नवी, हिरवट-पिवळी नोट काढली. ही 2019 साली आली आणि हिच्या मागे वेरूळची लेणी आहेत. "हे जवळ पडेल," ती म्हणाली, "आणि एसटी जाते."

आजीचा आक्षेप वेगळा होता. "काळं पाणी? काय गुन्हा केलास रं?" तिला समजावलं, की सेल्युलर जेल आता लोक हौसेने बघायला जातात, तिकीट काढून. ती म्हणाली, "सत्याग्रहात माझं आजेसासरं जेलात गेलं. त्यांच्याकडनं कुणी तिकिटाचं पैसं घेतलं न्हाईत."

सत्याग्रह म्हणजे 1921 चा मुळशीचा, सेनापती बापटांचा, टाटांच्या धरणाविरुद्धचा. धरण झालंच. तेव्हापासून आमच्या डोंगरावरचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं, वीज करतं आणि अरबी समुद्राला मिळतं. सांडव्यावरून सुटलेलं मुळेतून पुण्याला जातं आणि तिथून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या गावच्या पाण्याने दोन्ही समुद्र पाहिलेत. माणसं अलिबागच्या पुढे गेलेली नाहीत.

शेवटी जायचं ठरलं. चेन्नईहून जहाज जातं, पण त्याला तीनेक दिवस लागतात. तेवढे दिवस मेव्हण्याबरोबर एका खोलीत काढण्यापेक्षा काळं पाणी बरं, म्हणून पुण्याहून विमान, चेन्नईला दुसरं विमान, असं पक्कं झालं. मेव्हण्याने वहीत कार्यक्रम आखला. सहा ठिकाणं, बारा दिवस, प्रत्येक ठिकाणी दोन: पोर्ट ब्लेअर, श्री विजयपुरम, हॅवलॉक, स्वराज द्वीप, नील, शहीद द्वीप. आठवडाभर आम्ही ती वही अख्ख्या आळीला दाखवली. मग सातवीतली पोरगी म्हणाली, "मामा, हॅवलॉकलाच 2018 पासून स्वराज द्वीप म्हणतात. नीलचं शहीद द्वीप तेव्हाच झालं. आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम." सगळीकडे आम्ही दोनदा जाणार होतो! बाराचे सहा दिवस झाले. मेव्हणा त्या रात्री जेवला नाही.

नीलच्या, म्हणजे शहीद द्वीपाच्या, एका लॉजवाल्याला मी स्वतः फोन लावला. माझी हिंदी मुळशीची, त्याची बंगाली वळणाची. मी विचारलं, "तुमच्यापासून समुद्र किती लांब?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, बेट आहे. कुठल्याही बाजूला चालायला लागा."

त्याचा आवाज मी ओळखला. जुलैतला माझाच होता. तरी मी थांबलो नाही. नेटवर्क आहे का, गाडी दारापर्यंत येते का, जेवण घरगुती मिळेल का, सगळं विचारलं. पुण्याच्या गाडीतून बोलावं तसं भराभर तोंडातून येत गेलं. पाऊस लागेल का, हेही विचारलं. तो म्हणाला, "पाऊस मे महिन्यात येतो." म्हटलं, "माहितेय. तुमच्याकडून निघाला की आमच्याकडेच मुक्कामाला असतो."

त्यानेच एक कामाची गोष्ट सांगितली. आम्ही वहीत लिहिलं होतं, 'संध्याकाळी सहा वाजता सूर्यास्त'. अंदमान आमच्यापासून इतकं पूर्वेला, पण घड्याळ तेच. जानेवारीत तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. सहाला आम्ही अंधारात उभे राहून एकमेकांचे फोटो काढले असते.

सामानाचं म्हणाल तर विमानात माणशी पंधरा किलो नेता येतं. त्यातलं पाच किलो आजीने आंबेमोहोराला दिलंय, कारण "तिकडचा भात कसा असंल कुणास ठाव". येताना पिशवी रिकामी होईल, तेव्हा शंख-शिंपले भरू, असा पोरीचा बेत होता. पण पोवळं उचलून आणणं गुन्हा आहे, असं वाचल्यापासून ती आजीकडे वेगळ्याच नजरेने बघते. काळ्या पाण्यावर गुन्हा करून परत मुळशीला पाठवतात की कसं, हे तिला विचारायचंय.

तर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ताम्हिणीकडे येणार असाल तर चहा पौडलाच पिऊन या, माझी टपरी बंद असेल. आणि वाटेत कुणाला धबधब्याचं विचारू नका, जानेवारीत तो नसतो.