रडतराऊताचा घोडा

हिर्डोशीच्या एसटी थांब्यावर आमच्या आप्पांना "बरं आहे ना?" असं विचारायचं नसतं. नवखा विचारतो आणि त्याची भोरची गाडी चुकते.

आप्पांसारख्या सदा गाऱ्हाणी सांगणाऱ्या माणसाला मराठीत रडतराऊत म्हणतात. राऊत म्हणजे घोडेस्वार. हा स्वारीवर निघतो खरा, पण रडत. आणि रडत गेलेला मेल्याचीच बातमी आणणार, हे घरच्यांना आधीच ठाऊक असतं. किरकिऱ्या, कुरकुऱ्या हेही शब्द आहेत, पण त्यांत घोडा नाही.

आता हे पडलं हिरडस मावळ, पायदळाचा मुलूख. १६६० च्या जुलैत भर पावसात घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं इथलीच. आप्पा त्यांच्यात असते तर लढले असतेच. फक्त आधी विचारलं असतं, "ही खिंड कुणी निवडली?"

पाऊस लांबला की भाताचा तरवा करपला, लागून राहिला की तरवा कुजला. वरंधा घाट बंद झाला की "महाडला जावं कसं माणसानं?", सुरू झाला की "गाड्यांनी धुरळा नुसता!" महाडला ते बारा वर्षांत गेलेले नाहीत.

बोलता बोलता कोपरीच्या खिशातून हिरड्याचा तुकडा काढतात, नखानं धूळ खरवडतात, गालात धरतात. वैद्य सांगतात, हिरड्यात सहापैकी पाच रस असतात, खारट तेवढा नसतो. आप्पांनी हे कुठं वाचलेलं नाही. पण दोनदा चघळून म्हणतात, "मीठ नाही ह्याच्यात."

परवा मी मुद्दाम म्हटलं, "आप्पा, नीरा देवघर धरण भरलं. जवळपास १२ टीएमसी!"

"भरलं. खाचरं आमची बुडाली, ऊस खालच्यांचा भिजला."

याला उत्तर नव्हतं. रडतराऊताची हीच पंचाईत आहे: दहा गाऱ्हाण्यांत एखादं खरं निघतं, आणि ते नेमकं नवव्या-दहाव्या नंबरावर येतं. तोवर ऐकणारा उठून गेलेला असतो.

तेवढ्यात गाडी आली, चक्क वेळेवर. आप्पा चढता चढता म्हणाले, "आता एवढ्या लवकर भोरात जाऊन करू काय?"

जागा मात्र खिडकीची धरली.