बापू मधून चालत नाहीत

काही माणसं देवाला जातात, काही माणसं लोकांना देवाला नेतात. नायगावच्या बीडीडी चाळीतले आमचे बापू या दुसऱ्या गटातले. त्यांना स्वतः हात जोडताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. ऐन दर्शनाच्या वेळी त्यांचा एक हात कुणाच्या तरी पाठीवर असतो आणि दुसरा पुढची वाट दाखवत असतो. बेस्टमध्ये कंडक्टर होते. उभा जन्म उभ्यानेच गेला. त्यामुळे गाभाऱ्यातही त्यांच्या तोंडून नामस्मरणाऐवजी "पुढे सरका, पुढे जागा आहे" हेच बाहेर पडतं.

जेजुरीला चाळीची बस निघाली की पुढची सीट बापूंची. कुठल्या दुकानात भंडारा घेतला की चपला फुकट सांभाळतात, गडाच्या कितव्या टप्प्यावर म्हाताऱ्यांना बसवायचं, नवीन जोडप्यातल्या नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या तर त्या कुठून मोजायच्या, सगळं तोंडपाठ. पंढरपूरला पदस्पर्शाची रांग धरायची की मुखदर्शनावर भागवायचं, हा निर्णय तेच घेतात. अंगारकीच्या आदल्या रात्री नायगावातून सिद्धिविनायकाला चालत निघणारी पलटणही त्यांचीच. शिवाय प्रत्येक देवस्थानात बापूंचा 'आपला एक माणूस' असतो. आम्ही पोचतो तेव्हा तो नेमका जेवायला गेलेला असतो. आजवर कुणी त्याला पाहिलेलं नाही, पण त्याच्या भरवशावर आम्ही तीन-तीन तास रांगेत आनंदाने काढलेत.

असा माणूस जपानला गेला.

लेक-जावई तोक्योत, निशी-कासाईला. तिथे कॉम्प्युटरवाल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे. लेकीच्या बाळंतपणाला काकू निघाल्या, त्यांच्याबरोबर बापूही. महिनाभर नातवाला मांडीवर घेऊन बसल्यावर बापूंचे पाय शिवशिवायला लागले आणि एका रविवारी जावयाने दोघांना मेजी जिंगूला नेलं. शिंतो धर्माचं मोठं देवस्थान, १९२० सालचं. देव म्हणजे सम्राट मेजी आणि त्यांची राणी शोकेन.

हाराजुकू स्टेशनला उतरल्याबरोबर बापूंनी पहिला प्रश्न टाकला, "चपला कुठे काढायच्या?"

"काढायच्या नाहीत, बाबा."

बापूंचा पाय तिथेच अडखळला, असं काकू सांगतात. चपला नाहीत म्हणजे चपलांचं दुकान नाही, दुकान नाही म्हणजे नारळ नाही, नारळ नाही म्हणजे ओळख काढायला जागाच नाही. पुढे नुसतं रान आणि रानातून गेलेली रुंद खडीची वाट. त्यांनी जावयाला हळूच विचारून पाहिलं की मागच्या बाजूने दरवाजा असेलच ना? जावई म्हणाला, "पुढूनच कुणी अडवत नाही, तर मागून कशाला?" चाळीस वर्षांत जमवलेली विद्या माणसाला अशी एका वाक्यात निरुपयोगी झालेली पाहावी लागू नये.

पण बापू हरणारे नव्हेत. जिथे व्यवस्था करता आली नाही ते देवस्थान त्यांनी सरळ नायगावात आणलं. आता रोज सकाळी साडेसहाला चाळीच्या फाटकापासून ढवण मैदानापर्यंत मेजी जिंगूची पायी यात्रा निघते. फिरायला म्हणून बाहेर पडलेला कुणीही त्यात सापडतो. मी बऱ्याचदा सापडलोय.

फाटकाजवळ नगरसेवकाच्या वाढदिवसाची कमान आहे. वाढदिवस होऊन गेला तरी ती उभीच आहे. ती तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान. "वाका," बापू म्हणतात. नगरसेवकाच्या फोटोसमोर वाकायचं आमच्या जिवावर येतं, पण वाकतो. "तिथली मोठी कमान बारा मीटर. आपल्या चाळीला तळमजला अधिक तीन मजले, जवळजवळ तेवढी. दीड हजार वर्षांच्या झाडाचं लाकूड, तैवानहून आणलेलं. आणि बघ, कुणाचाही फोटो नाही!"

कमानीतून आत आलं की खरा त्रास सुरू होतो. शिंतो देवळाच्या वाटेचा मधला भाग देवासाठी सोडायचा असतो, माणसांनी कडेने चालायचं. हे बापूंना इतकं पटलंय की ते आम्हाला कडेकडेने, एकामागे एक चालवतात. तोक्योत कडेला झाडं आहेत. नायगावात कडेला स्कूटर, भाजीची हातगाडी आणि पुनर्विकासाच्या कामाचे पत्रे. मधून पाण्याचा टँकर जातो. एकदा मी गटार चुकवायला मध्ये आलो, तर बापू ओरडले, "अरे, देवाच्या अंगावर जाशील!" मागून टँकरवाल्यानेही हॉर्न दिला.

वाटेत जंगलाची माहिती होते. सत्तर हेक्टर जागा, म्हणजे सहा शिवाजी पार्क आरामात. मुळात तिथे रान नव्हतंच. देशभरातल्या लोकांनी एक लाखाच्या आसपास झाडं पाठवली आणि तरुणांनी येऊन लावली. "आणि झाडूवाला पानं झाडतो ना, ती कचऱ्यात नाही टाकत. परत झाडांखाली नेऊन टाकतो!" हे सांगताना बापूंनी आमच्या सफाई कामगाराने भरलेली पाटी धरून ठेवली होती. तो म्हणाला, "बापू, हात काढा, गाडी निघेल."

चाळीच्या व्हरांड्यातली पाण्याची निळी पिंपं म्हणजे साके. गवताने मढवलेल्या साकेच्या पिंपांची तिथे भिंतच आहे. दारू गाळणारे ती देवाला वाहतात. समोर फ्रान्सच्या वाइनचीही पिंपं आहेत. या थांब्यावर गर्दी नेहमी वाढते. शनिवारी रात्रीची मंडळी रविवारी सकाळी मुद्दाम उठून येतात. "देवाला चालते?" त्यांच्यातला एक भाबडेपणाने विचारतो. बापू म्हणतात, "चालते. पण मांडलेली पिंपं रिकामी असतात." मग गर्दी आपोआप ओसरते.

१९२० या सालावर मात्र बापू जरा गंभीर होतात. आमच्या चाळी ज्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या ते खातंही १९२० सालचंच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या ४२ नायगावात. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या. "त्यांचं देऊळ १९४५ला बॉम्बहल्ल्यात जळालं. लोकांनी वर्गणी काढली आणि १९५८ला परत उभं केलं. तेरा वर्षं! आपल्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं २०१७ला. आपल्यावर तर बॉम्बही पडला नव्हता."

म्हणूनच बापूंनी तिथल्या देवाला एक काम सांगून ठेवलंय. तिथे एका झाडाभोवती लाकडी पाट्या टांगतात, त्यांना एमा म्हणतात. त्यांवर मागणं लिहायचं. लोक दोन ओळी लिहितात. बापूंनी अर्ज लिहिला. वर 'प्रति', खाली 'विषय : नवीन सदनिकेची चावी मिळणेबाबत', मग चाळ क्रमांक, खोली क्रमांक आणि 'आपला नम्र'. जागा पुरेना म्हणून दुसरी पाटी घेऊन तिच्यावर 'मागील पानावरून पुढे' केलं. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलाय. एकच खंत आहे: पोच मिळाली नाही.

काकू मात्र तिथल्या चिठ्ठीवर खूश नाहीत. बाकीच्या देवळांत चिठ्ठीत भविष्य निघतं. मेजी जिंगूला पैसे टाकून काढली तर त्यात सम्राटाची किंवा राणीची कविता निघते. सम्राटाने म्हणे लाखभर कविता लिहिल्या. "अहो, गुडघ्याचं विचारलं होतं मी," काकू म्हणतात, "आणि हातात कविता!"

यात्रेचा शेवट मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर. हा मुख्य मंडप. इथे आधी तोंड-हात धुणं होतं, डावा हात, उजवा हात, मग ओंजळीतून चूळ, आणि ती बापूंच्या नियमाप्रमाणे आवाज न करता. टपरीच्या माठातलं पाणी यासाठी वापरायला मालकाची सक्त मनाई असल्याने बाटली घरून आणावी लागते. मग पैसे. तिथे पाच येनचं भोकाचं नाणं शुभ मानतात, म्हणून आम्ही पाच रुपये गणपती मंडळाच्या डब्यात टाकतो. मंडळाची पोरं तेवढ्यासाठी हल्ली डबा वर्षभर टपरीवर ठेवतात आणि बापूंना 'सर' म्हणतात. पत्रिकेत त्यांचं नावही छापणार आहेत, 'आंतरराष्ट्रीय सल्लागार' म्हणून.

शेवटी दर्शन. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. काल बापू वाकले, पुन्हा वाकले, डोळे मिटून दोन खणखणीत टाळ्या दिल्या. टपरीवाल्याने आमच्यासमोर दोन कटिंग आणून ठेवले. बापूंनी डोळे उघडले, शेवटचा नमस्कार त्या ग्लासांनाच केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, आपला माणूस आहे. पैसे दे."