हसा की रं, वर पाठवायचंय!

शनिवारच्या आनंदाला आता अट लागली आहे. गुरुजींच्या गटावर निरोप पडला : 'आजच्या आनंददायी उपक्रमाचे फोटो जिओटॅगसह दुपारी बाराच्या आत लिंकवर भरावेत. विद्यार्थ्यांचे चेहरे हसरे असावेत.' खाली जोडलेले दोन हात आणि गुलाबाचं फूल. निरोप कुणाचा ते विचारू नका. असे निरोप कुणाचेच नसतात, ते वरून येतात. वरच्यालाही ते त्याच्या वरूनच आलेले असतात.

मुलांवरचा ताण हलका व्हावा म्हणून २०२४ साली 'आनंददायी शनिवार' आला. कल्पना वाईट नाही. अडचण पुढं सुरू होते. आनंद झाला की नाही, हे कळणार कसं? मुलाला विचारण्यात धोका, ते खरं सांगतं. गुरुजींना विचारण्यात अर्थ नाही, ते खरं सांगत नाहीत. उरला फोटो.

पण हसरे म्हणजे किती हसरे? ओठ मिटून हसलेलं चालेल? पहिलीतल्या एकाचे पुढचे दोन दात पडलेत, तो तोंडच उघडत नाही. त्याचा आनंद अपात्र धरायचा का? दुसऱ्या रांगेतला एक कायम रडका दिसतो. त्याचा चेहराच तसा, त्याचे वडील स्वतःच्या लग्नाच्या अल्बमातही तसेच दिसतात. त्याला मागं लपवावा तर हजेरी कमी भरते, पुढं आणावा तर आनंद कमी भरतो. शेवटी गुरुजी ओरडतात, "हसा की रं!"

"कशाला, सर?"

"वर पाठवायचंय."

"मग सर, मागची भिंत फुगलीया, तिचा पण पाठवा की."

"तिची लिंक न्हाई, बाळ."

हे झालं सपाटीवरचं. गगनबावड्याकडं हाच आनंद जुलैत कसा गोळा होतो, ते बघण्यासारखं आहे. पाऊस असा की समोरची पोरं दिसत नाहीत, मग त्यांचं हसू कुठून दिसणार. फोटो निघाला तरी रेंज नाही. रेंज सड्यावर. म्हणून गुरुजी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सडा चढतात. तिथं एक दांडी येते, पण ती घाटाखालच्या टॉवरची. जिओटॅग टॉवरवरून जागा ठरवतो, त्याला तालुका-जिल्हा कळत नाही. फोटो जातो आणि नोंद होते वैभववाडीत. कोल्हापूरच्या मातीतल्या मुलांचा आनंद असा सिंधुदुर्गाच्या खात्यावर जमा होतो. सोमवारी पत्र हजर : 'आपल्या शाळेतील आनंद अन्य जिल्ह्यात आढळून आल्याबाबत दोन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' खुलाशासोबत काय जोडायचं? फोटो. सड्याचा, टॉवरचा, पावसाचा आणि सड्यावर उभ्या गुरुजींचा. तिकडं घाटाखाली आनंदाचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेल्यामुळं कुणाचा तरी सत्कार ठरतो, आणि मग त्या सत्काराचे फोटो भरायची लिंक येते. ती उघडत नाही, कारण एकाच वेळी सगळा जिल्हा तीच उघडत असतो. रात्री साडेअकराला ती उघडते. गुरुजी अंथरुणातून उठून आनंद भरतात. बायको विचारते, "झोपायचं न्हाई का?" हे म्हणतात, "थांब, त्रेसष्ट टक्के झालाय."

शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. फोटोत दोघंही दिसायला हवेत. मग फोटो काढणार कोण? चौथीतली मुलगी. ती मोबाइल आडवा धरते, उजेड पाठीमागं घेते, "सर, डावीकडं सरका" म्हणून गुरुजींना सरकवते. त्या शनिवारी शाळेत कुणी काही नवं शिकलं असेल तर ती एकटीच. पण फोटोत ती नसते, म्हणून तिची गैरहजेरी लागते.

ही फोटोची हौस आजची नाही. २०१६च्या नोव्हेंबरात शासन निर्णय निघाला : जानेवारी २०१७पासून दर सोमवारी गुरुजींनी दहा-दहा मुलांचे गट करून सेल्फी काढायचा आणि 'सरल' प्रणालीवर चढवायचा. का? शाळाबाह्य मुलं कमी व्हावीत म्हणून! जी मुलं शाळेत येत नाहीत ती शोधायची, जी आली आहेत त्यांचे फोटो काढून. नादच खुळा. ओरड झाली आणि ते प्रकरण लांबणीवर पडलं. २०२२ साली फोटोची दिशा उलटली. गुरुजींच्या जागी भलताच कुणी शिकवत नाही ना, हे कळावं म्हणून वर्गाच्या भिंतीवर गुरुजींचाच ए-फोर आकाराचा रंगीत फोटो लावायचा हुकूम आला. सकाळी दहा ते पाच जो माणूस मुलांच्या समोर उभा, तो खरा की खोटा हे मुलांनी भिंतीकडं बघून ठरवायचं.

यामागं संशोधन आहे, असं सांगतात. आहेच. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत, एकशिक्षकी अनौपचारिक शाळांत, २००३ साली एक प्रयोग सुरू झाला आणि पुढं जगभर गाजला. गुरुजींना एक कॅमेरा दिला. त्यातली तारीख आणि वेळ बदलता येत नसे. शाळा भरताना आणि सुटताना एका मुलानं फोटो काढायचा. दोन फोटोंत किमान पाच तासांचं अंतर, फोटोत किमान आठ मुलं, तरच तो दिवस धरायचा. गुरुजींची गैरहजेरी बेचाळीस टक्क्यांवरून एकवीसवर आली, मुलांचे गुणही थोडे वाढले. झालं! विकसनशील देशांच्या शिक्षणाची किल्ली सापडली, ती म्हणजे कॅमेरा. पण त्याच प्रयोगात पगारही त्या फोटोंना बांधलेला होता. महिन्यातल्या ठरलेल्या दिवसांचे हजार रुपये, वरच्या प्रत्येक दिवसाला पन्नास जास्त, चुकलेल्या प्रत्येक दिवसाला पन्नास कमी. संशोधकांनीच पुढं आकडेमोड करून सांगितलं की गुरुजी शाळेत आले ते या पैशाच्या हिशेबानं. आणि प्रश्न होता फक्त एवढाच : एकटा, तुटपुंज्या पगाराचा शिक्षक दूरच्या वाडीत रोज पोचतो का? त्यातलं आपल्याकडं काय पोचलं? पंगतीतलं जेवण तिथंच ठेवून पत्रावळ तेवढी उचलून आणली. तिथं दिवसाला दोन फोटो आणि मध्ये पाच तास शाळा. इथं पाच तास फोटो आणि मध्ये जमली तर शाळा.

आणि आता हसू बाजूला ठेवतो, कारण जे मूल चौकटीत नाही त्याचं काय, हे कुठलीच लिंक विचारत नाही. गळीत हंगाम लागला की बीडकडून टोळ्या येतात. शिरोळला, हातकणंगल्याला, कागलला उसाच्या फडाकडेला खोपी उभ्या राहतात. आईबाप मिळून एक कोयता, पहाटे फडात. नऊ वर्षांची पोर खोपीत धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढ्याच्या पेंढ्या बांधू लागते. तिचं नाव तिकडं गावच्या शाळेच्या पटावर आहे. पट भरलेला, म्हणून तिकडं ती शाळाबाह्य नाही. इकडं ती कुठल्याच पटावर नाही, म्हणून इकडंही शाळाबाह्य नाही. ती फक्त शाळेत नाही. तिला शोधायचं तर कुणीतरी पायात चिखल घेऊन फडापर्यंत जायला हवं, मुकादमाशी भांडायला हवं, तिला उचलून जवळच्या शाळेत बसवायला हवं आणि मार्चपर्यंत रोज ती आली का, हे बघायला हवं. हे करणारे गुरुजी या जिल्ह्यात आहेत. सायकलवर, स्वतःच्या मोटारसायकलवर, पदरमोड करून मुलं आणणारे आहेत. त्यांना विचारा त्यांचा दिवस कुठं जातो. माहिती भरण्यात. गेल्या महिन्यात भरलेलीच माहिती, नव्या तक्त्यात, नव्या रंगाच्या रकान्यात, आणि कालपर्यंत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या कुठल्याही अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. तीनच अपवाद. हसू मोजणं यातल्या कुठल्या अपवादात बसतं? आपत्तीत म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही, फक्त आपत्ती कोण ते एकदा ठरवून घ्या.

याच कोल्हापूरच्या संस्थानानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया. मूल शाळेत आहे की नाही, एवढाच प्रश्न. वसतिगृहांची जननी म्हणून या गावाचं नाव झालं ते खोल्या बांधून, त्यात पोरं ठेवून, त्यांना जेवू घालून. आजच्या पद्धतीनं तपासणी झाली तर यातलं काहीच टिकणार नाही. जिओटॅग नाही, हसरे चेहरे नाहीत, लिंकवर भरणा शून्य. सबब, सदर योजना राबवली गेल्याचं पुराव्याअभावी सिद्ध होत नाही, असा शेरा पडेल.

म्हणून गुरुजींना दोनच विनंत्या. एक : कलम २७ ए-फोर आकारात छापा आणि भिंतीवर तुमच्या रंगीत फोटोशेजारी लावा, म्हणजे वर्गात तुमच्याविषयीची दोन खरी कागदपत्रं राहतील. दुसरी : उद्या कुणी संशोधक टॅब घेऊन आला, बेसलाइन, मिडलाइन, एंडलाइन म्हणू लागला, तर हाकलू नका. त्याला सांगा, बाबा, आमचं एकच मोजून दे. आठवड्यात गुरुजींनी किती मिनिटं शिकवलं आणि किती मिनिटं भरलं. एवढं मोजायला तो तयार झाला तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या, दुपारी मुलांसोबत खिचडीला बसवा. फोटो मात्र काढू देऊ नका.