बीफ नूडल्स खाली मिळतात

तैपेईत राहणाऱ्या माणसाला बीफ नूडल्स खायची हुक्की आली की तो चपला पायात सरकवतो. स्वयंपाकघराकडे तो बघतसुद्धा नाही. जिना उतरायचा, कोपऱ्यावर वळायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या: नूडल्स जाड की बारीक, आणि नुसतं मांस की निम्मं मांस, निम्मी कंडरा, म्हणजे जनावराच्या पायातली ती चिवट शीर. पाच-सात मिनिटांत लालसर तपकिरी रश्श्याचा वाफाळता वाडगा पुढ्यात. टेबलावर मोहरीच्या आंबवलेल्या पाल्याचा डबा ठेवलेला असतो. तो पाला फुकट. फुकट असल्यामुळेच त्यातून किती चमचे घ्यायचे यावर गिऱ्हाईक आणि मालकीणबाई यांच्यात नजरेने वाटाघाटी चालतात.

अशा शहरात हे सूप घरी रांधणारा माणूस संशयास्पदच. तिथल्या भाड्याच्या एका खोलीच्या घरांत बऱ्याचदा स्वयंपाकघर नसतंच, आणि असलं तरी जे खाली मिळतं त्यासाठी चार तास गॅस जाळायचं कारण काय, असा रोकडा सवाल शेजारी विचारतात. त्यामुळे हे सूप घरी करणारे लोक प्रामुख्याने दोन प्रकारचे. एक, ज्यांना स्वयंपाकाचं वेड आहे. दुसरे, ज्यांच्या जिन्याखाली दुकान नाही. पहिल्या प्रकारच्या लोकांबद्दल मासिकांत पुष्कळ छापून येतं. करमणूक मात्र दुसऱ्या प्रकारामुळे जास्त होते.

हा दुसऱ्या प्रकारचा माणूस साधारणपणे विद्यार्थी असतो. अमेरिकेच्या ईशान्येला एखाद्या विद्यापीठाच्या गावात, फेब्रुवारीत, खिडकीबाहेर बर्फ साचलेला. नाक गळतंय, प्रबंध अडलाय. त्याला वाटतं, आता एक वाडगा मिळाला तर सगळं ठीक होईल. रात्री आठला तो आईला फोन लावतो. तैवानात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात.

"आई, आपण बीफ नूडल्स कसे करतो गं?"

"करतो कसे म्हणजे? खाली जायचं, पैसे द्यायचे, वर घेऊन यायचं."

"तसं नाही. घरी कसे करायचे?"

"घरी कशाला? आजारीबिजारी आहेस का तू?"

इथून पुढचा अर्धा तास सर्दी, झोप, जाड मोजे आणि मावसभावाचं लग्न यांत जातो. कृती हाती लागत नाही, कारण आईने हा पदार्थ जन्मात केलेला नसतो. ती शेवटी खालच्या मालकाला विचारून सांगते म्हणते. मालक सगळं सांगतो, फक्त मसाला सांगत नाही.

गंमत अशी की हा पदार्थ पहिल्यांदा ज्यांनी शिजवला तेही असेच दुसऱ्या प्रकारातले. १९४९ साली चीनमधलं यादवी युद्ध हरलेलं राष्ट्रवादी सरकार तैवानात आलं आणि त्याच्यामागून सैनिक, अधिकारी, त्यांची कुटुंबं अशी दहा-बारा लाखांहून अधिक माणसं त्या बेटावर उतरली. त्यांच्यासाठी दाटीवाटीच्या लष्करी वसाहती उभ्या राहिल्या. सेच्वान प्रांतातल्या माणसाचा शेजारी हुनानचा, त्याच्या पलीकडे शांतुंगचा. प्रत्येकाची बोली वेगळी आणि प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचं जेवण बेचव. परत जायचं, लवकरच जायचं, असं सरकार सांगत होतं. तोवर जेवायला तर हवं.

दक्षिणेकडच्या काओश्युंगजवळच्या कांगशानला हवाई दलाचा तळ होता. तिथल्या सेच्वानी मंडळींना गावाकडचं तौपान म्हणजे वालासारख्या जाड बियांचं, आंबवलेलं मिरचीचं वाटण मिळेना, म्हणून त्यांनी ते तिथेच घालायला घेतलं. कांगशान आजही त्या वाटणासाठी ओळखलं जातं. इतिहासकार लू याओ-तुंग यांचा तर्क असा की सेच्वानमधल्या छंगतू शहरात छोट्या वाडग्यातून मिळणाऱ्या लाल रश्श्यातल्या बीफची आठवण, कांगशानचं वाटण आणि नूडल्स यांची गाठ तिथेच पडली असावी. तैवानी दुकानांच्या पाट्यांवर अजून 'सेच्वानी चवीचे बीफ नूडल्स' असं लिहिलेलं असतं. सेच्वानचा माणूस ते खातो, नावाजतो आणि विचारतो, हे कुठलं हो?

बेटावरच्या जुन्या शेतकरी घरांत मात्र या वासाने कपाळाला आठ्या पडत. नांगर ओढणाऱ्या जनावराला खायचं नाही, असा तिथल्या शेतकऱ्याचा दंडक होता. आज शहरात राहणारी काही कुटुंबंही तो पाळतात. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या प्रदेशातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. त्यातून १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकी मदत आली आणि तिच्याबरोबर गहू आला. भात खाणाऱ्या बेटावर पीठ स्वस्त झालं, नूडल्सच्या गाड्या वाढल्या. म्हणजे चीनमधल्या निर्वासितांची आठवण, अमेरिकेचा गहू आणि स्थानिकांची नापसंती एवढ्या सामग्रीतून तैवानचा जवळजवळ राष्ट्रीय पदार्थ तयार झाला. २००५ पासून तैपेई महापालिका त्याचा महोत्सवही भरवू लागली.

इकडे आपला विद्यार्थी पोटरीचं मांस घेऊन आलेला आहे. पोटरीच का, तर तिच्यात कोलाजेन पुष्कळ. जनावर दिवसभर ज्या स्नायूवर उभं राहतं तो चिवट असतो, म्हणून स्वस्त असतो, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने इथवर सगळं उत्तम चाललेलं असतं.

पहिलं काम मांस गार पाण्यात घालून उकळी आणायचं. वर करडा फेस येतो. तो पाहून नवशिक्याला वाटतं, झालं सूप. ते पाणी ओतून द्यायचं असतं. मांस धुवायचं, भांडं घासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक तास गेलेला आणि हाती आलं काय, तर स्वच्छ पातेलं.

मग तेलात आलं, लसूण, कांद्याची पात आणि ते तौपानचं वाटण परतायचं, तेलाला लाल रंग सुटेपर्यंत. या टप्प्यावर अमेरिकी इमारतीतली धुराची घंटा वाजते. विद्यार्थी खुर्चीवर उभा राहून टॉवेल हलवतो, खोलीतला जोडीदार ठसक्याने डोळे पुसत खिडकी उघडतो, आणि बर्फाळ वारा आत येऊन दोघांची सर्दी पक्की करतो. सोया सॉस, तांदळाची दारू, खडीसाखर, टोमॅटो, चक्रफूल आणि सेच्वानी मिरी हे सगळं त्यानंतर पडतं. मिरी म्हणायचं एवढंच, मिरीशी तिचं नातं नाही. ती आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, एकाच वनस्पती-कुळातली. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत तिरफळं टाकणाऱ्याला जिभेवरची ती मुंग्या आल्यासारखी झिणझिण ओळखीची वाटेल.

यापुढे करायचं काही नसतं आणि तेच सगळ्यात अवघड. तासाभराने तो एक तुकडा चाखतो. तो कच्च्यापेक्षाही वातड लागतो. यात त्याचा दोष नाही. उष्णतेने मांसातली प्रथिनं आधी आकसून पाणी बाहेर टाकतात. कोलाजेन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला मंद आचेवर तास-दोन तास आणखी लागतात. नेमक्या या मधल्या वेळेत कितीतरी लोकांनी गॅस बंद करून पिझ्झा मागवला आहे. ज्यांना धीर धरवला, त्यांच्या मांसात तिसऱ्या तासाला चॉपस्टिक सहज रुतते आणि रस्सा ओठांना किंचित चिकटू लागतो.

ज्याच्या आईने दूरदृष्टीने सामानात तातुंगचा पॉट कोंबलेला असतो, त्याचं हे सगळं सोपं होतं. तातुंग कंपनीने १९६० साली आणलेला हा विजेचा पॉट तैवानातल्या घराघरांत आहे. नेहमीचा रंग हिरवा. आतल्या भांड्यात पदार्थ, बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी. ते पाणी आटलं की खटका वर उडतो. शिजलं नसेल तर आणखी पेलाभर पाणी ओतायचं. ना घड्याळ, ना पडदा, ना आवाजी सूचना. तैवान आणि अमेरिका दोन्हीकडे वीज ११० व्होल्टच्या आसपास असल्यामुळे तो तिकडे नेऊन नुसता प्लगात खोचला की चालतो. परदेशी शिकायला गेलेल्या तैवानी मुलांच्या खोल्यांत पदवीच्या आधी हा पॉट पोचलेला असतो.

नूडल्स मात्र वेगळ्या पातेल्यात उकडायच्या. रश्श्यातच टाकल्या तर पिठाने रस्सा गढूळ होतो आणि चार तासांची पुण्याई दोन मिनिटांत बुडते. आता हे दुसरं पातेलंही धुवावं लागणार, हे लक्षात आल्यावर काही जण पुडीतल्या झटपट नूडल्स काढतात. त्यातही घरचं कुणीतरी भेटतंच: १९५८ साली जपानात झटपट नूडल्स शोधणारे मोमोफुकू आंदो १९१० साली तैवानातच जन्मले होते.

वाडगा भरला, वर हिरवी पात आली. वासावर मित्र गोळा झालेले असतात. तैपेईत न्यू बा बा नावाच्या दुकानात एका वाडग्याची किंमत दहा हजार तैवानी डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर, लावलेली होती, हे विद्यार्थी सगळ्यांना ऐकवतो. हेतू हा की खाणाऱ्यांनी थोडं बिचकून खावं. कुणी बिचकत नाही. मांस दहा मिनिटांत संपतं आणि पातेल्यात उरतो तो रस्सा.

त्या रश्श्यालाही तैवानच्या दुकानांत मान आहे. मेनूच्या तळाशी 'बीफ रस्सा नूडल्स' अशी एक ओळ असते: रस्सा बीफचा, नूडल्स गव्हाच्या, बीफ शून्य. महिनाअखेरीला पाकिटाकडे बघून मागवायचा तो प्रकार. विद्यार्थी दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रिज उघडतो. रस्सा रात्रभरात थिजून थरथरणारी जेली झालेला असतो. तो गरम करून नूडल्सवर ओततो, पहिला घोट घेतो आणि कालपेक्षा आज चव मुरली आहे हे त्याला कळतं. जोडीदार आतून विचारतो, कालचं काही उरलंय का. विद्यार्थी आधी तोंडातला घास संपवतो आणि मग सांगतो, नाही.