काकूंची शेगडी

पुण्यातल्या काकू संक्रांतीचा हलवा तुळशीबागेतून आणतात. ठाण्यातल्या काकू फोनवरून मागवतात. जयपुरातल्या काकू मात्र तो घरी करतात. तीन-चार दिवस पाटावर बसून, गुडघे दुखत असताना आणि कोणीही सांगितलेलं नसताना. महाराष्ट्र जितका लांब, तितका माणूस जास्त मराठी, असं मला बडोदे-इंदूर पाहून नुसतं वाटायचं. जयपूरच्या काकू पाहिल्यावर खात्री झाली.

या काकू मालवीयनगरात असतात, मानसरोवरात असतात, वैशालीनगरात तर हमखास. काका बँकेतून नाहीतर एजी ऑफिसातून तीन वर्षांच्या बदलीवर आलेले असतात. मग मुलांच्या शाळा, मग फ्लॅट, मग निवृत्ती. काकूंचं हिंदी तेवढं अजून बदलीवरच आहे. ‘‘भैया, तीळ निवडलेले है ना? पिछली बार में खडे निकले थे,’’ असं त्या चांदपोलच्या वाण्याला बजावतात, आणि इतक्या वर्षांच्या सहवासानं त्यालाही ते समजतं.

सवाई जयसिंगानं 1727 साली हे शहर वसवताना ग्रहतारे पाहिले, रस्ते काटकोनात आखले, ते सगळं ठीक. पण काकूंच्या मते त्याची खरी दूरदृष्टी इथल्या हवेत दिसते. जानेवारीतली कोरडी, कडक थंडी हलव्याला जशी मानवते तशी मुंबईची दमट हवा सात जन्मांत मानवणार नाही. ‘‘तिकडे काटा धरतच नाही हो,’’ असं त्या म्हणतात, तेव्हा सबंध कोकण किनारपट्टीची कीव त्यांच्या आवाजात उतरलेली असते.

कृती तशी दोन ओळींची आहे. साखरेच्या पाकात थोडं दूध घालून मळी काढायची, गाळून एकतारी करायचा, आणि मंद शेगडीवरच्या परातीत तिळांवर तो चमचा-चमचा सोडत तळहातानं फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. पुन्हा सुकला की पुन्हा. आच वाढली तर पाक पिवळा पडतो, हात जड पडला तर आलेले काटे मोडतात. तीळ झाले की खसखस, मग साबुदाणा, मग लवंगा, शेवटी भोपळ्याच्या बिया. गॅसवर हे जमत नाही, अशी काकूंची श्रद्धा. त्यामुळे काका सकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे निखारे मागायला जातात. बँकेत कोट्यवधींच्या कर्जावर सही केलेला माणूस पत्र्याच्या डब्यात चार निखारे घेऊन परततो आणि वर ‘‘राख जास्त आणलीत’’ हे ऐकतो.

या दिवसांत घरात शिंकायला बंदी असते. ओल्या पायानं स्वयंपाकघरात येणं हा गुन्हा. दार उघडून ठेवणं हा त्याहून मोठा. आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे मावठ. राजस्थानात हिवाळ्यातल्या पावसाला मावठ म्हणतात. गहू-हरभऱ्यासाठी इथला शेतकरी त्याची वाट बघतो, आणि पहिली सर आली की दूधवाला हात जोडून देवाचे आभार मानतो. काकू त्याच देवाला दोन दिवस थांबायला सांगत असतात. एका वर्षी दोघांचंही ऐकून देवानं शेखावाटीत पाऊस पाडला आणि जयपुरात नुसतंच आभाळ आणलं, असं काका सांगतात. त्यांचं किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

14 जानेवारीला सगळं जयपूर गच्चीवर असतं. महाराजा रामसिंहांनी एकोणिसाव्या शतकात दरबारी थाटानं जोपासलेला पतंगांचा नाद आता हांडीपुऱ्याच्या दुकानांतून घराघरांत पोचलाय. भोंगे, गाणी, तिळाचे लाडू, डाळीची भजी, आणि दर मिनिटाला ‘‘वो काटा!’’ ही आरोळी. खाली स्वयंपाकघरात काकू दचकतात आणि परातीकडे बघतात.

काकूंची खरी कीर्ती झाली ती वरच्या मजल्यावरच्या जव्हेऱ्यामुळे. त्याची जोहरी बाजारात पेढी, तीन पिढ्या कुंदन-मीनाकारीत गेलेल्या. त्याच्या बायकोनं काकूंकडे हलव्याचे दागिने पाहिले आणि नवऱ्याला खाली बोलावलं. त्यानं खिशातून भिंग काढलं, एक दाणा चिमटीत धरून बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, ‘‘काकीसा, कारीगर कौन है?’’ काकूंना आयुष्यात मिळालेल्या सगळ्या प्रमाणपत्रांत हे पहिलं. दुसरं ग्रॅज्युएशनचं.

त्याच्या नव्या सुनेची पहिली संक्रांत होती. तिला हलव्याचे दागिने घालायचे ठरले आणि तिथंच घोडं अडलं. काकू म्हणाल्या, काळी साडी पाहिजे. जव्हेरीण मटकन खाली बसली. नव्या नवरीला काळं? इथं ते नावालाही चालत नाही. मध्यस्थी काकांनी केली, आणि ट्यूबलाइटमध्ये काळा दिसेल पण उन्हात जांभळा ठरेल असा रंग बापू बाजारातून शोधून आणला. मुकुट, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं चढवून पोरगी पाटावर बसली. जमलेल्या बायका इथल्या रीतीप्रमाणे एकसारख्या 14-14 वस्तू वाटत होत्या. काकूंनी तिळगूळ दिला, वाण दिलं आणि ‘गोड बोला’चं भाषांतर केलं. त्यानंतर तासभर कोणालाच बोलायला मिळालं नाही, कारण काकू बोलत होत्या. तोवर नव्या नवरीनं अर्धा बाजूबंद खाल्ला होता.

जव्हेऱ्यानं घडणावळ विचारली. काकूंनी कानावर हात ठेवले. घडणावळ न घेणारा कारागीर त्याच्या धंद्यात बसत नव्हता, म्हणून दर संक्रांतीला तो सांभरच्या गोड फीणीचा मोठा डबा खाली पाठवतो. काकू डबा उघडतात, एक तुकडा मोडतात, डोळे मिटून चघळतात.

‘‘चांगली आहे,’’ त्या म्हणतात. ‘‘पाक जरा पुढे गेलाय.’’