कोळंबीचा पोटहिस्सा

फूड कोर्टातल्या ‘सिंगापुरी फ्राइड प्रॉन नूडल्स’च्या पाटीवर, फोटोत, आठ कोळंब्या आहेत. ताटलीत सहा येतात. त्याबद्दल तक्रार नाही. फोटो आणि वस्तुस्थिती यांचं नातं आपण चौकाचौकातल्या फ्लेक्सवर शिकलोय. पण या सहा जणी काट्यानं पालथ्या घातल्या की दिसतं, त्या मुळात तीनच आहेत. प्रत्येक उभी चिरलेली. गुलाबी पाठ वर, चिरलेलं अंग नूडल्सकडं.

काळा धागा काढायला कोळंबीच्या पाठीवर चीर देतात, हे खरं. पण धागा निघाला की सुरी थांबते. ही सुरी पाठीतून शिरली आणि पोटातून बाहेर पडली. याला स्वयंपाक म्हणत नाहीत, सातबाऱ्यावर पोटहिस्सा पाडणं म्हणतात. आणि खुबी अशी की कढईत पडली की अर्धी कोळंबीसुद्धा अख्खीसारखी गोल वळते, त्यामुळं वरून बघणाऱ्याला संशय येत नाही. आज दोन हिस्से झाले. उद्या आडवी मोजणी होऊन चार होतील, मग गुंठेवारी, आणि शेवटी शेपूट तेवढं सामाईक ठेवून प्रत्येक टेबलाला एकेक नोंद मिळेल. शेपटीवर वहिवाटीचा वाद झाला तर तारखा पडतील आणि तोवर नूडल्स गार होतील. ती तशीही गारच असतात.

आता सिंगापूरचं. तिथं या पदार्थाचा जीव कोळंबीच्या डोक्यात असतो. डोकी आणि टरफलं परतून, उकळून त्यांचं पाणी काढतात, त्या पाण्यात नूडल्स मुरवतात. बाजूला सांबल आणि लिंबू. मटणाच्या अळणी पाण्यावर पांढरा रस्सा उभा करणाऱ्या गावाला हे समजावून सांगायला नको. पण आपल्या ताटलीत ना डोकं, ना पाणी. कोबी आहे, सोया सॉस आहे, आणि शेजवान, ज्याचा सिंगापूरशी संबंध आपल्याइतकाच. पिवळी ढोबळी मिरची आली की झालं सिंगापूर.

वर ‘आजची ताजी कोळंबी’ अशी पाटी. जुलैतसुद्धा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, रत्नागिरी-मालवणच्या बंदरात त्या बांधून पडलेल्या असतात, पण इथला ताजेपणा अखंड. आंध्रातल्या तळ्यातली व्हेनामी कोळंबी बर्फातून आली म्हणून सांगा की! त्यात लाज कसली?

पण राग काउंटरवरच्या पोराचा नाही, राग आपला येतो. खानावळीत पांढरा जरा पातळ लागला की मालकाला गल्ल्यावरून उठवणारे आपण. नळी शेजारच्या ताटात गेली तर दोन घराण्यांचं बोलणं बंद करणारे आपण. वाढप्या तांबड्याची बादली घेऊन दुसऱ्यांदा फिरकला नाही तर हॉटेलचं नाव सगळ्या पेठांत बदनाम. आणि तेच आपण, एसीत शिरलो की रांगेत उभं राहून आधी पैसे भरतो, बझर वाजला की पळत जाऊन ताट स्वतः आणतो, खाऊन झालं की खरकटं स्वतः उचलून ठेवतो. रस्सा? मिळतो की. औषधाच्या मापाच्या वाटीत सॉस, झाकण लावून, दुसरी मागितली तर वीस रुपये.

‘‘कोळंब्या तीनच हैत की हो.’’

‘‘सर, पोर्शन तेवढाच असतो.’’

‘‘बरं बरं.’’

‘सर’ म्हटलं की जगात भारी माणूस गपगार! पैलवानकीचा वारसा, मिशीचा पीळ, सगळं त्या दोन अक्षरांत चितपट. वर फोटो काढून स्टेटसला टाकायचा, ‘नाद खुळा’ लिहून, अर्ध्या कोळंब्या नीट वर मांडून.

पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय : एक्स्ट्रा प्रॉन, ८० रुपये. अर्धी की अख्खी, हे कुणीतरी काउंटरवर विचारायला हवं, आणि विचारताना आवाज खानावळीतला काढावा.